शेवंतीचा हात आणि बाहुल्यांचा इतिहास

काहीजणी कामं आवरून रेडिओपाशी बसल्या असाल, काहीजणी काम करता करता ऐकत असाल. आज मी तुम्हाला हप्त्यांविषयी, व्याजाविषयी किंवा गटाच्या वह्यांविषयी काही सांगणार नाही. आजचा विषय आहे हात. बाहुलीचा हात. तो खांद्यातून नीट फिरावा म्हणून माणसांनी किती वर्षं डोकं लढवलं, त्याची ही गोष्ट.

हा विषय कसा निघाला ते आधी सांगते. आमच्या गटातल्या दोन बायकांच्या मुली, दोघी बारावी झालेल्या, एका जुन्या लॅपटॉपवर गोष्ट तयार करत होत्या. गोष्ट शेवंती नावाच्या बाईची. तिच्या वाडीवरचा नळ कित्येक महिने कोरडा आहे. ती पहिल्यांदाच ग्रामसभेला जाते. तिला नळाचं विचारायचंय. इथे गोष्ट थांबते आणि पाहणारीला विचारते, शेवंतीनं हात वर करावा की गप्प बसावं? तुम्ही जे बटण दाबाल तशी गोष्ट पुढे जाते. मुलींनी त्यासाठी स्क्रॅच नावाची फुकट मिळणारी प्रणाली वापरली होती. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

गटाच्या बैठकीत गोष्ट पहिल्यांदा दाखवली. आम्ही सतरा-अठराजणी होतो. सगळ्या एका आवाजात ओरडल्या, "हात वर कर!" मुलीनं बटण दाबलं. आणि शेवंतीचा हात खांद्यातून निसटला, पंख्याच्या पात्यासारखा गरगरला आणि कानाशेजारी अधांतरी लटकत राहिला. आमच्या एक काकी म्हणाल्या, "गो, हिचो हात खंय गेलो?" हसून हसून पुरेवाट झाली. मुलींची तोंडं मात्र एवढीशी झाली.

हसणं ओसरल्यावर मागं बसलेली एक बाई हळूच बोलली, "आमचो हात वर गेलो तर असोच होतलो." त्यावर कुणी हसलं नाही.

घरी जाताना माझ्या डोक्यात दोन प्रश्न घोळत होते. एक, हात निसटला का? दुसरा, हात वर केल्यानं गोष्टीत पुढं खरंच काही बदलतं का? पहिला प्रश्न संगणकाचा वाटतो, पण तो फार जुना आहे. बाहुली नाचवणाऱ्या प्रत्येकाला तो पडला होता. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

आपल्या सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजानं तीन कला सांभाळल्या. पहिली चित्रकथी. त्यात रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची रंगवलेली चित्रं असतात, कथेकरी एकेक चित्र पुढं धरतो आणि गाऊन, बोलून गोष्ट सांगतो. दुसरी चामड्याच्या बाहुल्यांची, ज्यांची सावली पडद्यावर पडते. तिसरी कळसूत्री बाहुल्यांची, लाकडी आणि दोऱ्यांवर नाचणाऱ्या. सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेला आश्रय होता. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे घरोघरी त्याची चर्चा होती.

या तीन कलांकडे एका ओळीत पाहा. चित्रकथीत चित्र हलत नाही. शूर्पणखा हात उगारून उभी असते ती उगारूनच उभी राहते. हात खाली आला हे कथेकऱ्याच्या आवाजातून कळतं. सावलीच्या बाहुलीत अख्खी आकृती हलते. आणि कळसूत्री बाहुलीत हात एकटा हलतो, अंग तिथंच राहतं. हात अंगापासून वेगळा करायचा, आणि तरी अंगाला जोडलेला ठेवायचा. सगळी मेख इथंच आहे.

ही खूप जुनी विद्या आहे. १२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीतसुद्धा सायखड्याच्या बाहुल्याचा दाखला येतो, म्हणजे दोरीनं चालणाऱ्या बाहुलीचा. तेव्हाच्या साध्या माणसांना हा खेळ ओळखीचा असला पाहिजे, नाहीतर दाखल्याला अर्थच उरला नसता. नाटकातला 'सूत्रधार' हा शब्दही दोरी धरणाऱ्या या माणसावरून आला असं काही अभ्यासक मानतात.

आता सावलीच्या बाहुल्यांकडे नीट पाहू, कारण संगणकावरची शेवंती त्यांची जवळची नातलग आहे. दोघीही सपाट. ओडिशात 'रावणछाया' नावाचा सावल्यांचा खेळ आहे. त्यातल्या बाहुल्या एकाच तुकड्याच्या असतात, त्यांना सांधे नसतात. आंध्र प्रदेशातल्या 'तोलु बोम्मलाट' खेळातल्या बाहुल्या मात्र मोठ्या, काही तर माणसाएवढ्या. खांदा, कोपर, गुडघा इथे वेगवेगळे तुकडे. दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे, दोन्हींतून भोक पाडायचं, दोरी ओवायची आणि दोन्ही बाजूंनी गाठ मारायची. तुकडा त्या गाठीभोवती फिरतो. गाठ खांद्यावर असेल तर हात खांद्यातून फिरेल. चार बोटं खाली असेल तर दंड मधूनच वळेल आणि बाहुली मोडक्या हाताची दिसेल.

आपल्या घरात याची उदाहरणं कितीतरी आहेत. जात्याची वरची तळी मधल्या खुंटीभोवती फिरते. दार बिजागरीभोवती फिरतं. दाराची बिजागरी कुणी दाराच्या मधोमध बसवली तर? अर्धं दार घरात येईल आणि अर्धं अंगणात जाईल. शेवंतीच्या हाताचं नेमकं तेच झालं होतं, पण ते मला नंतर कळलं.

बाहुलीचा खेळ संपला की हालचालही संपते. ती साठवून ठेवायची सोय सिनेमा आल्यावर झाली. सिनेमा म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं, हे दादासाहेब फाळक्यांना नेमकं उमगलं होतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांसमोर आला. त्याआधी त्यांनी रोप उगवतानाची छोटी फिल्म केली होती. रोज थोडं चित्रण करायचं, म्हणजे पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसतं. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात आगकाड्या आपोआप हलतात. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र. ही फिल्म आज उपलब्ध नाही. या सगळ्या उद्योगात सरस्वतीबाई फाळके घरातलं आणि कामावरच्या मंडळींचं जेवण सांभाळून फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामंही करत होत्या. पडद्यावर दिसणाऱ्या हालचालीमागं असे न दिसणारे हात असतात, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

सांध्यांच्या सपाट बाहुल्या सिनेमात कुणी आणल्या? दक्षिण अमेरिकेत आर्जेन्टिना देशात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्ये पुठ्ठ्याच्या कापीव आकृत्या हलवून मोठा चित्रपट केला. तो पुढे नष्ट झाला. आज पाहता येतो असा पहिला लांबीचा हलत्या आकृत्यांचा चित्रपट एका बाईनं केला आहे. तिचं नाव लोट्टे रायनिगर.

लोट्टेचा जन्म १८९९ मध्ये बर्लिनला झाला. लहानपणापासून हातात कात्री. काळ्या कागदातून माणसं, झाडं, घोडे कापायची. कापताना कात्री जवळजवळ स्थिर ठेवायची आणि कागद फिरवायची. आपल्यात शिवणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. गळ्याचा गोल कापताना आपणही हात वेडावाकडा करण्यापेक्षा कापड वळवून घेतो. ती नाटकमंडळींत वावरू लागली. पाउल वेगेनर या नट-दिग्दर्शकानं १९१८ मध्ये उंदीर पळवून नेणाऱ्या बासरीवाल्याच्या गोष्टीवर चित्रपट काढला. जिवंत उंदीर काही सांगितल्याप्रमाणे चालेनात. शेवटी लाकडी उंदीर करून ते थोडेथोडे सरकवत चित्रं घ्यावी लागली आणि त्या कामात लोट्टे होती. पुढच्याच वर्षी तिनं सावल्यांची स्वतःची पहिली छोटी फिल्म केली.

मोठा चित्रपट झाला तो मात्र पैशाच्या एका गमतीमुळं, आणि बचत गटातल्या बाईला ती गंमत वाटणारच. १९२३ च्या सुमारास जर्मनीत महागाई इतकी भडकली होती की सकाळच्या पैशाला संध्याकाळी किंमत नसायची. लुई हागेन नावाच्या बँकरनं नोटा साठवण्यापेक्षा कोरी फिल्म विकत घेऊन ठेवली होती. आपण नोटांऐवजी सोन्याचा मणी घेऊन ठेवतो तशी. ती फिल्म पडून होती. लोट्टेचं काम पाहून त्यानं तिला विचारलं, मोठा चित्रपट करशील का? आणि बर्लिनजवळ पॉट्सडॅम इथे आपल्या गॅरेजवरची माळ्याची जागा तिला दिली. तिथे १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं लोट्टे, तिचा नवरा कार्ल कोख आणि मोजके सोबती काम करत होते. कॅमेरा कार्ल सांभाळायचा. घरातल्या कामाची ही अशी वाटणी ऐकायला बरी वाटते, नाही का?

तिची पद्धत समजून घ्या. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली दिवा. वर टांगलेला कॅमेरा, खाली पाहणारा. काचेवर बाहुली आडवी निजवलेली. बाहुली काळ्या पुठ्ठ्याची आणि शिशाच्या पातळ पत्र्याची. शिसं जड, म्हणून आकृती जागच्या जागी राहते, श्वासानं हलत नाही. डोकं, मान, धड, दंड, कोपरापुढचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल, सगळे तुकडे वेगळे कापायचे आणि सांध्यावर बारीक तारेनं जोडायचे. हात केसभर फिरवायचा, एक चित्र घ्यायचं. पुन्हा केसभर, पुन्हा चित्र. एका सेकंदाच्या हालचालीला अशी वीस-चोवीस चित्रं लागतात. हा चित्रपट तासाहून थोडा मोठा आहे. म्हणजे एकूण किती वेळा हात फिरवला असेल, तुम्हीच हिशोब करा. आकडा लाखाच्या आसपास जातो.

'राजपुत्र अखमदची साहसं' हा तो चित्रपट. अरबी सुरस कथांमधला उडता घोडा, जादूगार, परी बानू, सगळं त्यात आहे. मे १९२६ मध्ये बर्लिनला तो पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात कुणालाही चेहरा नाही, नुसती काळी आकृती. राग, लाज, भीती, प्रेम हे सारं हाताच्या आणि मानेच्या वळणावर दाखवायचं. परी बानू हात वर करते तेव्हा ती घाबरली आहे की विनवते आहे हे सावलीवरून कळतं. पुढची आकृती आणि मागचा देखावा वेगवेगळ्या काचांवर ठेवून खोली दाखवण्याची युक्तीही तिनं त्यात वापरली. अमेरिकेतल्या डिस्नेच्या स्टुडिओनं अशाच काचांचा मोठा कॅमेरा उभारला तो त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर झालेल्या माऱ्यात चित्रपटाची मूळ फिल्म गेली. पण एक प्रत लंडनमध्ये होती, तिच्यावरून १९९९ मध्ये चित्रपट पुन्हा नीट केला गेला. लोट्टे युद्धानंतर इंग्लंडला गेली आणि तिथंही कात्री चालवत राहिली. १९८१ साली ती वारली. आयुष्यभर तिनं बाहुलीचे हात फिरवले ते स्वतःच्या बोटांनी.

बोटांचं काम संगणकाकडं गेलं ते लोट्टेच्या हयातीतच सुरू झालं. १९६७ मध्ये अमेरिकेत सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात पुढं एक कासव आलं. आधी जमिनीवर चालणारं यंत्र, मग पडद्यावरची खूण. त्याला सांगायचं, इतकं पुढं जा, इतके अंश वळ. मूल अडलं की पॅपर्ट यांचा सल्ला असा, की तूच कासव हो, उठून चालून बघ, कुठं वळावंसं वाटतं? आपल्या शरीराला जे आधीच ठाऊक आहे त्यावरून यंत्राला शिकवायचं. मला हे फार पटलं. आपल्याला कोन मोजता येत नसेल, पण आपला खांदा कुठं आहे ते आपल्याला पक्कं माहीत असतं.

त्याच विचारातून पुढं 'स्क्रॅच' आलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटानं ते तयार केलं आणि मे २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात काही टाइप करत बसावं लागत नाही. 'पुढे जा', 'वळ', 'थांब', 'विचार' असे रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे. त्या ठोकळ्यांच्या उतरंडीला स्क्रिप्ट म्हणतात. पडद्यावरचं प्रत्येक पात्र किंवा वस्तू म्हणजे एक स्प्राइट, आणि प्रत्येक स्प्राइटची स्क्रिप्ट वेगळी.

इथं लोट्टेची कात्री पुन्हा आठवा. शेवंतीचं अंग आणि हात हे एकच चित्र असेल तर 'वळ' म्हटल्यावर अख्खी शेवंती आडवी होईल. म्हणून हात वेगळा कापायचा, म्हणजे त्याचं वेगळं स्प्राइट करायचं. हे आमच्या मुलींनी बरोबर केलं होतं. हात कागदावर काढला, मोबाइलवर फोटो घेतला आणि स्क्रॅचमध्ये घातला. पण असं बाहेरून आणलेलं चित्र त्याच्या मधल्या बिंदूभोवती फिरतं. हाताच्या चित्राचा मध्य म्हणजे कोपर. मग 'वळ' म्हटल्याबरोबर बोटं वर गेली आणि खांद्याकडचं टोक खाली. बिजागरी दाराच्या मधोमध बसली होती!

मुलींना हे मी समजावलं असं सांगितलं तर खोटं होईल. मलाच कळत नव्हतं. ते उलगडलं शिवण करणाऱ्या आमच्या काकींना, ज्यांनी हात कुठं गेला म्हणून विचारलं होतं. मुलींनी एक जुनी लग्नपत्रिका कापून बाई केली, तिचा हात वेगळा कापला. काकींनी डब्यातून टिचबटण काढलं आणि विचारलं, खंय लावू? मुलीनं हाताच्या मधोमध बोट ठेवलं. काकींनी तिथं लावून हात फिरवून दाखवला. पडद्यावर घडलं होतं तेच पत्रिकेवर घडलं. मग त्यांनी बटण उसवलं, खांद्यावर लावलं, आणि हात सरळ वर गेला. तुमच्या घरी लहान मुलं असतील तर संध्याकाळी हे करून बघा. पत्रिका, सुईदोरा आणि पाच मिनिटं, एवढंच लागतं.

लॅपटॉपवरचं टिचबटण म्हणजे चित्र काढायच्या खिडकीतली मधली छोटी खूण. हाताचं चित्र सरकवून खांद्याचं टोक बरोबर त्या खुणेवर आणायचं. झालं. हात आडवा, बोटं उजवीकडे अशी रेखाटून घ्यायचा. स्क्रॅचमध्ये दिशा १८० म्हणजे सरळ खाली, ९० म्हणजे उजवीकडे, शून्य म्हणजे वर. हात आधी १८० वर ठेवला, मग 'उलट्या दिशेनं १५ अंश वळ, एक दशांश सेकंद थांब' असं दहा वेळा सांगितलं. १५ गुणिले १०, दीडशे अंश. साधारण एका सेकंदात शेवंतीचा हात वर. एक ठोकळा असाही घातला की शेवंती सरकली तर हातानं तिच्या खांद्यापाशी जावं, नाहीतर ती पुढं आणि हात मागं! मध्ये 'थांब' घातलं नाही तर हात इतक्या झटक्यात वर जातो की वळणं दिसतच नाही. लोट्टेच्या केसाकेसाच्या हालचालीचं मोल तेव्हा कळलं.

एवढं जमल्यावर वाटलं, संपलं काम. पण माझा दुसरा प्रश्न शिल्लक होता, आणि तो इतिहासात १९६७ सालीच विचारला गेला होता. ज्या वर्षी लोगो भाषा आली त्याच वर्षी कॅनडातल्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात एक नवलाचा सिनेमा दाखवत होते. नाव किनोऑटोमॅट, दिग्दर्शक रादूझ चिंचेरा. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, एक लाल, एक हिरवं. सिनेमा मध्येच थांबायचा, एक निवेदक रंगमंचावर यायचा आणि प्रेक्षकांना विचारायचा, आता या गृहस्थानं काय करावं? बहुमत मिळेल तसा सिनेमा पुढं. प्रेक्षकांना वाटायचं, गोष्ट आपल्या हातात आहे. पण रचना अशी होती की दोन्ही वाटा थोडं अंतर जाऊन पुन्हा एकत्र यायच्या, आणि कुणी काहीही निवडलं तरी शेवटी इमारतीला आग लागायचीच.

असं का केलं, त्याला एक व्यवहारी कारण आहे. एका प्रश्नाच्या दोन वाटा. दुसऱ्या प्रश्नाला चार, तिसऱ्याला आठ, पाचव्याला बत्तीस. प्रत्येक वाटेचं चित्रण करायचं तर पैसा आणि आयुष्य पुरायचं नाही. पण अनेकांनी त्यात टोमणाही पाहिला. तुम्ही बटणं दाबा, मतं द्या, ठरलेलं ठरलेलंच.

आमच्या मुलींनीही, किनोऑटोमॅटचं नाव न ऐकता, नेमकं तेच केलं होतं. काम वाचावं म्हणून दोन्ही वाटा एकाच शेवटाला आणल्या होत्या. शेवंतीनं हात वर केला तरी नळाला पाणी येतं, गप्प बसली तरी येतं. दुरुस्त केलेली गोष्ट दुसऱ्या बैठकीत दाखवली तेव्हा हात झकास वर गेला, टाळ्या पडल्या. मग कुणीतरी म्हणालं, आता गप्प बसवून बघूया. पुन्हा पाणी आलं. मागच्या वेळी मागं बसून बोललेली ती बाई या वेळी जरा मोठ्यानं बोलली, "गप रवली तरी पाणी येताच, मगे हात कित्याक वर करूचो?"

मैत्रिणींनो, याला उत्तर नव्हतं. हाताचा सांधा बरोबर बसला होता, पण गोष्टीचा सांधा चुकला होता. हात वर करणं आणि पुढं काहीतरी घडणं, या दोन तुकड्यांमध्ये टिचबटणच नव्हतं.

पुढची अर्धी बैठक बायकांनी गोष्ट लिहिली. गप्प बसलेल्या शेवंतीचा शेवट काय? नळ कोरडाच, पुढची ग्रामसभा, पुन्हा तोच प्रश्न पडद्यावर, करायचा का हात वर? आणि हात वर केलेल्या शेवंतीचा? मुली म्हणाल्या, पाण्याची धार दाखवूया. बायकांनी एकमुखानं नाही म्हटलं. असं लगेच पाणी येत नाही, खोटं दाखवू नका. बरंच बोलणं झाल्यावर ठरलं ते असं, की शेवंती विचारते, तिचा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहिला जातो, आणि ती वही आपल्यापुढं ओढून लिहिलेलं वाचून बघते. पाण्याचं पुढं. आधी लिहिलेलं हवं. आपल्या गटाच्या वहीनं बायकांना एवढं तरी शिकवलंय की जे लिहिलं नाही ते बोललंच गेलं नव्हतं असं कुणीही म्हणू शकतं.

वही ओढायला शेवंतीला दुसरा हात लागला. त्यात कोपरही वाकायला हवं होतं, म्हणजे दंड वेगळा, पुढचा हात वेगळा, आणि दंड जिथं नेईल तिथं कोपरानं मागोमाग जायचं. मुलींनी चार दिवस घालवले. मध्ये एकदा वहीच उडाली. पण जमलं.

त्यानंतरच्या महिला ग्रामसभेत काय झालं, तेवढं सांगून थांबते. आमच्याकडच्या बायका बऱ्याच आल्या होत्या, नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. विषयांची यादी वाचून झाली. कुणाला काही विचारायचंय का, म्हणून विचारलं गेलं. थोडा वेळ शांतता. मग ती मागं बसणारी बाई, तीच, तिचा हात वर जायला लागला. एका सेकंदात नाही गेला. मांडीवरून उठला, कानापर्यंत आला, थांबला, पदर सावरला, मग पूर्ण वर गेला. तिनं अंगणवाडीच्या गळक्या छपराचं विचारलं. उत्तर मिळालं, बघू. ती खाली बसली नाही. म्हणाली, "लिवन घेवा." लिहून घेतलं. ती पुढं गेली आणि वाचून आली. तिला अडखळत वाचता येतं, म्हणून जरा वेळ लागला. सगळे थांबले.

छपराचं काम अजून झालेलं नाही. पुढच्या सभेला इतिवृत्तातली ती ओळ वाचून दाखवायची असं आमच्या बैठकीत ठरलंय, आणि कोण वाचणार तेही ठरलंय.

पत्रिकेची ती बाई काकींच्या शिवणयंत्राला अडकवलेली आहे. येणारी-जाणारी लहान मुलं तिचा हात वर-खाली करून बघतात. टिचबटण अजून घट्ट आहे.

तुमच्या गावात अशी एखादी गोष्ट करायची असेल तर पुठ्ठ्यानं सुरुवात करा, लॅपटॉप नंतर. आणि दोन्ही शेवट बायकांनाच ठरवू द्या. येते आता. नमस्कार.